लिहायला बसलं की हात थांबतो

निळीशाई | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी एएनएम, म्हणजे गावोगावची आरोग्यसेविका, म्हणून ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली १९ नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, पेठ-सुरगाणा भागातल्या उपकेंद्रांवर. मागच्या मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, सिस्टर, आता हे सगळं लिहून काढा. मुलीने दोनशे पानी दोन वह्या आणून दिल्या. मलाही मनापासून वाटतं की लिहावं. पाड्यांवरच्या त्या बायका, त्या सुईणी, लसीची पेटी डोक्यावर घेऊन ओलांडलेल्या नद्या, नागलीची भाकरी हातावर ठेवून 'खा आधी, मग टोच' म्हणणाऱ्या आज्या. हे माझ्याबरोबर संपून जाऊ नये.

पण सहा महिने झाले आणि वहीत अडीच पानं आहेत. दुपारची जेवणं आटोपली की बसते. 'माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला' असं लिहिते, खोडते. मग 'आरोग्यसेवेच्या क्षेत्रात पदार्पण करताना' असलं काहीतरी लिहिते. वाचून बघितलं की वाटतं, ही बाई कोण? मी अशी बोलत नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती. अर्ध्या तासात डोकं जड होतं आणि मी उठून काहीतरी घरकाम काढते.

तोंडी सांगायला लागले तर शेजारणी चहा गार होईपर्यंत ऐकतात. पेन हातात आलं की सगळं जातं. सुचत नाही म्हणावं तर तसंही नाही. मग अडतं कुठे? तुम्ही नियमित लिहिणारे काय करता?

दुपारचीगाडी | रविवार, रात्री १०.१५

ताई, स्वागत. मी मालिकांचे संवाद लिहितो. उद्याच्या चित्रीकरणाची पानं आज संध्याकाळी गेली नाहीत तर सेटवर साठ माणसं बसून राहतात, त्यामुळे अडून बसायची मुभा मला कधी मिळालीच नाही. त्यातून एक गोष्ट शिकलो. प्रसंग क्रमाने लिहायचे नाहीत. जो डोळ्यांसमोर उभा आहे तो आधी. जोडायचं काम नंतर, आणि ते अवघड नसतं.

तुम्ही जन्मापासून सुरू करताय. जन्माचं तुम्हाला काही आठवत नाही, तिथे ऐकीव वाक्यंच येणार. ३१ वर्षांतला एक दिवस निवडा. वर्षसुद्धा नको, एक दिवस. सकाळी पायात काय घातलं होतं, पिशवीत काय होतं, वाटेत कोण भेटलं, इथून सुरुवात करा. 'पदार्पण' हा शब्द तिथे येऊच शकणार नाही, कारण त्या पाड्यावर कोणी पदार्पण करत नाही, चालत जातं.

मुद्रितशोधक | रविवार, रात्री ११.०२

दुपारचीगाडी यांना अनुमोदन. मी धास्तीबद्दल लिहितो, कारण ती माझ्या पेशाशी जोडलेली आहे. २८ वर्षं मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासतोय. लोकांच्या चुका काढणं हेच माझं काम, म्हणून हे जबाबदारीने सांगतो: पहिला खर्डा लिहिताना शुद्धलेखनाचा विचार करू नका. अजिबात नाही. लिहिणारा आणि तपासणारा एकाच वेळी एका खुर्चीत बसले की लिहिणारा उठून जातो, कारण तो भिडस्त असतो. तुमच्याकडे दुपारी अर्ध्या तासाने तेच होतंय.

मुळात नियम आहेत तरी किती? साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४, त्यात १९७२ साली ४ वाढले, एकूण १८. रोजच्या कामाला त्यातले सहा-सात लागतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शेवटचं अक्षर दीर्घ झालं की आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो. गरीब पण गरिबी, वकील पण वकिली. एवढं एक लक्षात ठेवलं तरी माझ्या लाल खुणा बऱ्याच कमी होतात. आणि ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे तो नियमही त्यातच आहे. कथनाच्या ओघात बोलल्यासारखं लिहिताना 'असं केलं, मी म्हटलं, त्यांनी सांगितलं' अशी रूपं शेवटी अनुस्वार देऊन लिहायला मुभा आहे. म्हणजे तुम्ही जशा बोलता तसं लिहिणं नियमाबाहेरचं नाही. शाळेत निबंधाला मार्क कापणाऱ्या बाईंनी ते आपल्याला सांगितलं नाही, एवढंच.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. जरूर वाचा. समर्थ तिथे सांगतात की अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, ओळीला ओळ लागू नये, कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, आणि तरुणपणी बारीक लिहिलेलं म्हातारपणी कामाला येत नाही म्हणून मध्यम आकारात लिहावं. हात, डोळे, कागद, शाई यांचा विचार आहे तो. मला त्या समासाने नेहमी धीर दिलाय. लिहिणं हे आधी हाताचं काम आहे, स्वयंपाकासारखं, आणि हाताच्या कामाला सवय लागते.

तेव्हा वहीत एक ओळ सोडून एक लिहा. डावीकडे चार बोटं जागा ठेवा. नंतर काही आठवलं तर ते तिथे. खोडायचं नाही. शब्द अडला तर तिथे फुली मारून पुढे जा. खर्डा पुरा झाला की मला कळवा, मी विनामोबदला तपासून देईन. पण तोवर एकही चूक मला दाखवायची नाही.

खानदेशी | सोमवार, सकाळी ७.२०

ताई, 'तोंडी सांगितलं की ऐकतात' हे तुमचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मी धुळ्याचा, म्हणून इथलंच उदाहरण देतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबा लिहीत नव्हते. समोर कैदी बसलेले असायचे, त्यांच्याशी बोलत होते. लिहून घेत होते साने गुरुजी. त्याचं पुस्तक झालं 'गीता प्रवचने'. आजही उघडलं की समोर कोणीतरी बसून सांगतंय असं वाटतं. त्याच गुरुजींनी पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, त्यातली बहुतेक पाच दिवसांत. त्या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी. श्याम मित्रांना सांगतोय आणि ते ऐकताहेत. सांगायला समोर माणसं मिळाली की गुरुजींचं पेन कसं धावलं असेल, बघा.

तिसरं उदाहरण तर तुम्हाला पाठच असेल. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या म्हणायच्या, आणि मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ ते टिपून ठेवायचे. डिसेंबर १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ साली गाणी छापून आली. कोणी म्हणालं का, की ही भाषा प्रमाण नाही?

समोर माणूस बसवा. ज्या शेजारणी ऐकतात त्यांच्यापैकी एकीला सांगा, आणि फोनवर आवाज मुद्रित करून ठेवा.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८.३०

वरच्या सूचनेला तांत्रिक जोड देतो. मी पुण्यात रात्रपाळी करतो आणि घरी जाताना बसमध्ये बोलून लिहितो.

दोन रस्ते आहेत. पहिला, फोनच्या कीबोर्डवर भाषा मराठी निवडायची आणि माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. छान चालतं, पण माझ्या फोनवर विरामचिन्हं येत नाहीत, बोलीतले शब्द भलतेच होतात, आणि समोर चुकीचा शब्द उमटला की माणूस बोलायचा थांबून दुरुस्त करायला लागतो. म्हणजे मुद्रितशोधककाका म्हणताहेत तो तपासनीस पुन्हा हजर.

म्हणून तुमच्यासाठी दुसरा रस्ता. नुसता आवाज मुद्रित करायचा, पडदा बंद. तांदूळ निवडताना, भाजी मोडताना बोला. हात कामात असले की जीभ मोकळी सुटते, हे मी आजीकडे पाहिलंय. दहा मिनिटांहून जास्त नको. मग दुसऱ्या दिवशी ते ऐकत वहीत उतरवून घ्यायचं. माझ्या दहा मिनिटांची फुलस्केपची साधारण चार-पाच पानं होतात. उतरवताना आपसूक थोडं नीट होतं, नको ते गळतं. त्या वेळी काही 'सुचवायचं' नसतं, फक्त ऐकायचं असतं, त्यामुळे कोऱ्या पानाची भीती उरत नाही.

फाइलला तारीख नको, विषयाचं नाव द्या. 'नदी', 'सुईणआजी', 'पोलिओ रविवार'. महिन्याभराने ती यादीच तुमची अनुक्रमणिका होईल.

पहाटपाच | सोमवार, सकाळी ९.०५

सगळं ठीक, पण मला थोडं वेगळं वाटतं. युक्त्या शोधत बसणं हासुद्धा लिखाण टाळायचा मार्ग होऊ शकतो. शेवटी बैठक लागते.

अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. इंग्लंडच्या परिसरात रस्त्याकडेच्या टपालपेट्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या त्याच्या सूचनेवरून, १८५२ साली चॅनल बेटांवर. पहाटे साडेपाचला तो मेजावर बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे असा दंडक पाळायचा. मग कचेरीत. अशा रीतीने ४७ कादंबऱ्या झाल्या. त्याला उठवायला एक नोकर होता, त्याला या कामाचे वर्षाला पाच पौंड जास्त द्यायचा, आणि माझ्या यशात त्या माणसाचा वाटा सगळ्यात मोठा असं त्याने आत्मचरित्रात कबूल केलंय.

मी बँकेत होतो तेव्हापासून पहाटे पाच ते सहा लिहितो. अकरा वर्षं. ठरलेली वेळ असली की 'आज लिहू का नको' हा प्रश्नच पडत नाही, आणि माझा अनुभव असा की माणसाची अर्धी ताकद त्या प्रश्नातच जाते. ताई, दुपारी जेवणानंतर शरीर जड असतं. वेळ बदलून बघा. ३१ वर्षं तुम्ही ओपीडीच्या वेळा पाळल्यात, शिस्त तुम्हाला नवीन नाही.

पाणंद | सोमवार, दुपारी १.४५

पहाटपाच, आदर ठेवून असहमत.

माझे यजमान गेले त्यानंतर मी चौदा महिने काही लिहू शकले नाही. त्याआधी एका मासिकात माझं सदर चालू होतं. मीही तुमच्यासारखाच दंडक लावून घेतला होता, सकाळी सहाला मेजावर. रोज सहाला बसायचे आणि रोज सात वाजता हरून उठायचे. हळूहळू त्या मेजाचीच भीती बसली, त्या खोलीत जाईना मी. शेवटी डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं की हा आळस नाही, दुखणं आहे, त्याला उपचार आहेत. झोप सुधारली, मग वाचन परत आलं, त्यानंतर कधीतरी लिखाण.

'रायटर्स ब्लॉक' हा शब्द ज्याने रूढ केला तो एडमंड बर्गलर मानसोपचारतज्ज्ञ होता, १९४० च्या दशकात त्याने त्यावर लिहिलं. त्याची उपपत्ती आज फारशी कोणी धरून बसत नाही, पण अडण्यामागे काहीतरी असतं आणि ते बघावं लागतं, हे मला पटतं. प्रत्येकाचं अडणं वेगळं. कोणाचं वेळेअभावी, कोणाचं भीतीपोटी, कोणाचं दुःखापोटी. एकच काढा सगळ्यांना चालत नाही.

ताई, एक विचारू का? नको असेल तर उत्तर देऊ नका. लिहायला बसलात की मन एखाद्या ठरावीक आठवणीकडे जातं का, आणि तिथून परत फिरतं का?

तिसरंप्रकरण | सोमवार, संध्याकाळी ६.३०

धाग्यात मध्येच घुसते, क्षमस्व. प्रबंधाचं तिसरं प्रकरण आठ महिने अडलंय, म्हणून प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. माझं अडणं बहुधा वाचनात आहे. एक संदर्भ वाचला की तो दुसरा मागतो आणि 'अजून पुरेसं वाचलं नाही' म्हणून पेन खालीच राहतं. दहा मिनिटं हात न थांबवता, जे येईल ते लिहायचं, अशी पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकाची एक रीत आहे, १९७३ च्या त्याच्या पुस्तकातली. कालपासून करतेय. पहिल्या दिवशी पानभर 'काय लिहू काय लिहू' होतं. आज त्यातच एक वाक्य निघालं, जे प्रकरणाच्या पहिल्या पानावर जाईल. एकच, पण माझं आहे, कोणाचा संदर्भ नाही त्याला.

मुद्रितशोधक | सोमवार, रात्री ८.१०

तिसरंप्रकरण, ते वाक्य जपून ठेव. आणि संदर्भ शोधायला उठायचं नाही असा एक तास रोज पाळ. संदर्भ लागेल तिथे चौकटी कंसात 'शोध' एवढंच लिहून पुढे जायचं.

लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत लिहून काढलं. शाई मिळत नव्हती, शिसपेन्सिलीने लिहिलं. मनन मात्र त्याआधीच्या कित्येक वर्षांचं होतं. वाचन आणि मनन साठलं की एक दिवस दार लावून घ्यावं लागतं, एवढाच त्यातला तुझ्या कामाचा भाग.

निळीशाई | मंगळवार, रात्री १०.५०

एवढ्या लोकांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत. काल दिवसभर हे वाचत होते. मुद्रितशोधक दादा, तो अनुस्वाराचा नियम वाचून खरंच मोकळं वाटलं. मी कागदावर 'असे केले' लिहायचे आणि तिथेच माझा आवाज बंद व्हायचा.

पाणंद, तुम्ही बरोबर ओळखलंत. एक रात्र आहे. नावगाव लिहीत नाही. बाळंतपण माझ्याच हाताने झालं, बाळ सुखरूप, आणि मग बाईचं रक्त थांबेना. जीप यायला सव्वादोन तास लागले. ती वाटेत गेली. तिचं बाळ आता बावीस-तेवीस वर्षांचं असेल. मी कुठूनही सुरुवात केली तरी मन त्या रात्रीकडे चालू लागतं, आणि ती जवळ आली की मी वही मिटते. आज पहिल्यांदा हे लक्षात आलं. आजवर मला वाटायचं की माझं शिक्षण कमी पडतंय.

दुसरी अडचणही सांगून टाकते. बायकांनी मला जे सांगितलं ते सिस्टर म्हणून सांगितलं. नवऱ्यापासून लपवलेलं, सासूपासून लपवलेलं. ते मी कसं लिहू? त्यांच्या नातींच्या हातात उद्या ते पुस्तक पडलं तर? 'लिहा लिहा' सगळे म्हणतात, पण हा प्रश्न कोणी विचारला नाही.

पाणंद | मंगळवार, रात्री ११.२५

ताई, ती रात्र आत्ता लिहू नका. शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर फक्त एवढं लिहा: 'ती रात्र, नंतर.' तिला जागा दिलीत की ती वाट अडवत नाही. निदान माझ्या बाबतीत तसं झालं. यजमानांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल मी अजून लिहिलेलं नाही, पण बाकी बरंच लिहिलं. आणि कधीच लिहिली नाहीत तरी चालेल. ज्या दिवशी लिहाल त्या दिवशी घरात कोणीतरी असू द्या.

दुपारचीगाडी | बुधवार, दुपारी १२.१०

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हा प्रश्न तुम्हाला पडला यातच तुमच्या लिखाणाची लायकी आहे. मी काय करतो ते सांगतो. नाव बदलणं पुरेसं नसतं. लहान पाड्यावर 'तीन मुलींनंतर जुळे झालेली बाई' म्हटलं की सगळ्यांना कळतं कोण. पाडा बदला, साल पुढे-मागे करा, मुलांची संख्या बदला, दोन बायकांचं एकीत मिसळा, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला तसं स्पष्ट सांगा. जे गुपित म्हणून कानावर आलं आणि जे बदलूनही ओळखू येईल, ते ठेवून द्या.

पण खर्ड्यात सगळं खऱ्या नावानिशी लिहा, नाहीतर चेहरा दिसणार नाही. खर्डा घरात राहतो. गाळणं पुढच्या फेरीत.

खानदेशी | बुधवार, दुपारी ३.००

+१. जी माणसं हयात आहेत आणि ज्यांच्याबद्दल चांगलं लिहिताय, त्यांना वाचून दाखवायला जा. माझ्या वडिलांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या तेव्हा जुन्या शिपाईमामांना घरी जाऊन वाचून दाखवलं. मामांनी चार गोष्टी दुरुस्त केल्या आणि दोन नव्या सांगितल्या. त्या दोन गोष्टीच पुस्तकात सगळ्यात सुंदर आहेत.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११.५५

ताई, पहिला आवाज कोणासाठी मुद्रित करायचा ते ठरवलंत का? 'वाचक' म्हटलं की कोणीच दिसत नाही. तुमच्या जागी त्या उपकेंद्रावर आता जी नवीन मुलगी आली असेल, तिला सांगतेय असं समजा. तिला खरंच हवं असेल ते.

पहाटपाच | गुरुवार, सकाळी ६.१०

पाणंद, तुमचं वाचून कालपासून विचार करतोय. दुखऱ्या माणसाला दंडक सांगू नये, हे मान्य. माझा सल्ला धडधाकट दिवसांपुरता.

ताई, शिस्तीतलीच पण सौम्य अशी एक गोष्ट सांगू का? हेमिंग्वेने एका मुलाखतीत सांगितलंय की पुढे काय होणार हे माहीत असतानाच दिवसाचं काम थांबवावं. विहीर पूर्ण उपसायची नाही. दुसऱ्या दिवशी तिथूनच पाणी मिळतं. मी तर वाक्य अर्धं सोडून उठतो.

निळीशाई | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९.१५

आले. उशीर झाला, पण रिकाम्या हाताने आले नाही.

आवाजाच्या १४ फाइली झाल्या. रात्रपाळी, नवीन सिस्टरची कल्पना लागू पडली. मी तिला फोन केला, खरंच. तिने विचारलं, मॅडम, पावसाळ्यात तिकडच्या पाड्यावर जायला वाट कुठून? ते सांगता सांगता दहा मिनिटं कधी संपली कळलं नाही. शेवटच्या पानावर 'ती रात्र, नंतर' लिहिलंय. उतरवलेल्यातला एक तुकडा इथे टाकते. काही बदललेलं नाही, फक्त गावाचं नाव काढलं. आजीचं नाव तर आम्हालाही माहीत नव्हतं, सगळे आजीच म्हणायचे.

*ऐक, त्या वर्षी आषाढात पाऊस चार दिवस उघडला नव्हता. दुपारी तीनच्या सुमारास एक पोरगा आला. अंगावर इरलं, खाली नुसती चड्डी, थंडीने दात वाजताहेत. म्हणाला, सिस्टर, बहिणीला कळा लागल्यात. मी पिशवी घेतली. साबण, ब्लेड, नाळ बांधायचा धागा, हातमोजे, टॉर्च. तू पण ही पिशवी कायम भरलेली ठेव, आयत्या वेळी भरायला घेऊ नकोस.*

*नदीपाशी आलो तर नदी ओळखू येईना. येताना तो पोरगा गुडघाभर पाण्यातून आला होता, आता लाल पाणी दोन्ही काठांना लागलेलं. पलीकडे बरोबर काठावरच त्यांचं घर. हाक मारली तर इतकी जवळ, पण पाण्याच्या आवाजात हाक कुठली पोचते? घराच्या दारात आजी उभी होती. सुईण. आमचं आणि तिचं कधी पटलं नव्हतं. मी मीटिंगमध्ये सांगायचे, नाळेला राख लावू नका, विळ्याने कापू नका, आणि ती तोंड फिरवून बसायची.*

*तिने मला पाहिलं. दोन्ही हात वर करून ओंजळ केली, म्हणजे डोकं दिसायला लागलं. मी हातातली पिशवी वर करून दाखवली, मग नदी दाखवली. येता येत नाही. ती तशीच उभी. मग मी काय केलं, पिशवी खाली ठेवली आणि हवेत हात धुवायला लागले. साबण लावल्यासारखं, बोटांच्या मधून, नखांपाशी, पार कोपरापर्यंत. ती बघत होती. मी पुन्हा केलं. मग एक बोट उभं धरून दुसऱ्या हाताने कापल्याची खूण केली, आणि चुलीवर भांडं ठेवल्याची, उकळल्याची. ब्लेड उकळून घे. समजलं का नाही काही कळेना. ती वळली आणि आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली, दारातल्या पागोळ्यांखाली उभी राहिली, आणि मला दिसेल असे हात पुढे करून चोळायला लागली. बोटांच्या मधून, नखांपाशी, पार कोपरापर्यंत.*

तिसरंप्रकरण | शनिवार, रात्री ९.४०

दोनदा वाचलं. मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती आत्ता डोळे पुसतेय.

मुद्रितशोधक | शनिवार, रात्री १०.०५

तपासायला काही नाही. पुढे काय झालं?

निळीशाई | शनिवार, रात्री १०.२०

उद्या, दादा. काठावरच थांबलेय, मुद्दाम.